पाय दाबणारा हात थांबला की झोप मोडायची

सावद्याला माझं फिजिओथेरपीचं लहानसं केंद्र आहे. दोन टेबलं, मधे एक पडदा, बाहेर चार खुर्च्या. येणारी माणसं बहुतेक रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली. घड वाहून खांदा धरलेले मजूर, निंदणी करून कंबर गेलेल्या बाया, ट्रॅक्टरवर बसून मणके आखडलेली तरणी पोरं. दुखणं वेगवेगळं असलं तरी बोलता बोलता एक वाक्य हमखास निघतं, ‘झोप होत नाही’. मालिशने झोप लागते का, हा प्रश्नही तितकाच हमखास. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून मागच्या दिवाळीनंतर आलेल्या एका मावशींचं प्रकरण सविस्तर लिहिते आहे. त्यांनी परवानगी दिली आहे. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मावशींचं वय ४७. तापीकाठी पाच एकर केळी, गोठ्यात दोन म्हशी, घरात नवरा, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. पहाटे साडेचारला उठून धारा काढायच्या, दिवसभर घर आणि वावर, रात्री साडेनऊला अंथरुणावर. तक्रार पाठीची आणि मानेची होती. मणक्याचा एक्स-रे त्या सोबत घेऊन आल्या होत्या आणि त्यात वयाप्रमाणे असते तेवढीच झीज होती. टेबलावर पालथ्या झोपल्यावर उशीत तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या, “मले रातभर झोप नाही लागत व ताई. बारा वाजता, एक वाजता, तरी मी जागीच.”

निद्रानाशाची तीव्रता मोजायची सात प्रश्नांची एक प्रश्नावली आम्ही वापरतो. तिचे गुण ० ते २८ असतात आणि १५ किंवा त्याहून जास्त आले की त्रास मध्यम ते गंभीर धरतात. मावशींचे १९ आले. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने असं चाललं तर तो जुनाट निद्रानाश. मावशींना दीड वर्ष झालं होतं. झोपेची नोंद ठेवायला वही दिली असती तर ती कोनाड्यात पडून राहिली असती, म्हणून सुनेला सांगितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीतच खुणा करायच्या. झोप किती वाजता लागली, किती वेळा मोडली, एवढंच. पुढे या प्रकरणाला वळण लागलं ते त्या कॅलेंडरमुळे आणि सुनेच्या एका वाक्यामुळे.

पहिले सहा हात

सुरुवात पाठीपासून केली. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, दर वेळी चाळीस मिनिटं. तीळतेल कोमट करून मानेच्या मुळापासून कंबरेपर्यंत लांब, संथ हात, मग खांद्याच्या कडेचे आखडलेले पट्टे मळून मोकळे करणं आणि शेवटी पुन्हा संथ हात. दुसऱ्या वेळी मावशी टेबलावरच घोरायला लागल्या. तिसऱ्या वेळी उठून बसल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, बाळंतपणात सुईणीने अंग रगडलं होतं, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यानंतर या पाठीला कुणाचा हात लागला नाही. हे वाक्य मी इथल्या बायांकडून पुष्कळदा ऐकलं आहे. बाळंतिणीला शेक-शेगडी आणि मालिश मिळते ती सव्वा महिना. पुढे आयुष्यभर ती दुसऱ्यांचं अंग रगडते, लेकरांचं, सासूचं, नातवाचं.

दुखणं उतरलं. दहापैकी सात सांगायच्या, तीन आठवड्यांनी तीन-चार सांगू लागल्या. झोपेचं मात्र विचित्र दिसत होतं. ज्या दिवशी मालिश व्हायची त्या रात्री लवकर डोळा लागायचा, पण तासाभरात मोडायचा. बाकीच्या रात्री होत्या तशाच.

मालिशने झोप सुधारते ती कशी, हे इथे सांगायला हवं. दुखऱ्या अंगाला कुशीवर वळलं तरी जाग येते आणि अपुऱ्या झोपेने दुखणं आणखी बोचतं. मालिश हा फेरा दुखण्याच्या बाजूने सैल करते. पाठदुखी असलेल्यांमध्ये आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांमध्ये मालिशने झोप सुधारल्याचे अभ्यास आहेत. बहुतेक लहान आहेत, परिणामही थोड्या काळाचे आहेत, पण कल तोच आहे. दुसरी गोष्ट हाताच्या वेगाची. आपल्या त्वचेत, मुख्यतः जिथे लव असते तिथे, काही बारीक मज्जातंतू असे असतात की ते हळू फिरणाऱ्या स्पर्शालाच नीट जागे होतात. सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर हा त्यांच्या आवडीचा वेग. त्यांचा निरोप मेंदूच्या त्या भागाकडे जातो जिथे सुख, सुरक्षितता असं काहीतरी नोंदवलं जातं. घाईने घासलेल्या हाताला ते फारसे बधत नाहीत. तिसरी गोष्ट उष्णतेची. झोप लागण्याआधी शरीराचं आतलं तापमान उतरायला लागतं आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. पाय ऊबदार असले, तिथे रक्त नीट खेळत असलं, की झोप लवकर येते.

जाहिरातींत मात्र वेगळंच सांगतात, मालिश केली की कॉर्टिसॉल हा ताणाचा हार्मोन झपाट्याने खाली येतो. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर मॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३७ अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा चिंता आणि उदासी यांवर मालिशचा चांगला परिणाम दिसला. पण कॉर्टिसॉलचा प्रश्न त्यांनी २०११ मध्ये पुन्हा तपासला तेव्हा तो परिणाम अगदीच किरकोळ निघाला. मालिश उपयोगी आहे, हे मी रोज पाहते. म्हणूनच तिच्या नावावर खोटं कारण चिकटवलेलं मला सहन होत नाही.

सुनेचं वाक्य

सातव्या वेळी मावशींना घेऊन सून आली. कॅलेंडरचं पान फाडून आणलं होतं. मी खुणा बघत होते आणि ती सहज बोलून गेली, “ताई, पाय दाबत बसलं तोवर आई छान झोपतात. हात काढला की लगेच जाग्या होतात. रात्री आईंनी पोराला पायांवर उभं करायचं, तो झोपला की मी, मी झोपले की त्या स्वतः उठून अंगणात फेऱ्या मारतात.”

मी हातातलं पान खाली ठेवलं. तीन आठवडे मी पाठीवर हात फिरवत होते आणि झोप अडकली होती पोटऱ्यांत. पाय दुखतात का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मावशी नाही म्हणाल्या होत्या, आणि ते खरंच होतं, कारण त्यांचे पाय दुखत नव्हतेच. आता नीट विचारलं तेव्हा म्हणाल्या, “दुखत नाही व. किडे वळवळता. आतून ओढल्यासारखं होते, पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही. कोनी दाबले तं बरं वाटते.”

त्यांना चार प्रश्न विचारले. पाय हलवावेसे वाटतात का? हो. बसल्यावर, पडल्यावर वाढतं का? हो, एसटीत जळगावला जाताना तर जीव नकोसा होतो. चाललं, चोळलं की तेवढ्यापुरतं थांबतं का? हो. संध्याकाळनंतर जास्त आणि सकाळी काहीच नाही, असं आहे का? चौथ्या प्रश्नाला त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे मला कुणी सांगितलं. गावात कोणी बाहेरचं आहे म्हणून सांगितलं होतं, दोनदा भगताकडेही जाऊन आल्या होत्या. रात्रीच होतं, दिवसा होत नाही, आणि तपासात काही सापडत नाही. दुसरं काय समजणार त्या?

या त्रासाला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, मराठीत अस्वस्थ पाय म्हणू. थॉमस विलिस या इंग्लंडच्या वैद्याने सतराव्या शतकातच याचं वर्णन केलं होतं. हे नाव दिलं स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी, १९४५ मध्ये. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायला लोह लागतं. लोह कमी पडलं की हालचालींवरचा ताबा संध्याकाळनंतर, डोपामिन मुळातच उतरतं त्या वेळी, ढिला पडतो. यातली मेख अशी की हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. मावशींचं हिमोग्लोबिन सहा महिन्यांपूर्वी १२.१ आलेलं होतं, म्हणजे चांगलं. म्हणून पुढे कोणी पाहिलं नव्हतं.

मग मी तो प्रश्न विचारला जो पाठ दाखवायला आलेल्या बाईला विचारायचं मला सुचलं नव्हतं. पाळी कशी आहे? सून बाहेर गेल्यावर मावशी सांगू लागल्या. चार वर्षांपासून सात-आठ दिवस जातं, पहिले तीन दिवस कपडे खराब होतात, कधी गाठी पडतात. पाळी जायच्या वयात असंच होतं असं थोरल्या जावेने सांगितलं होतं, म्हणून कुठे बोलल्या नाहीत. आणखी एक निघालं. झोप यावी म्हणून गावातल्या मेडिकलवरून सर्दीची गोळी आणून वर्षभर रोज रात्री घेत होत्या. सर्दीच्या ज्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या अस्वस्थ पायांचा त्रास वाढवतात. झोपेसाठी घेतलेली गोळीच पाय जागे ठेवत होती.

दोन्ही पोटऱ्या तपासल्या. सूज नाही, एकीकडे जास्त गरमपणा नाही, फुगलेल्या शिरा नाहीत, तळव्यांना बारीक स्पर्शही कळतो. ही तपासणी मी कुणाच्याही पायाला तेल लावण्याआधी करते. एकच पोटरी अचानक सुजून गरम झाली असेल आणि दाबल्यावर दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश करणं म्हणजे जिवाशी खेळ. तसा पाय आला तर मी हात न लावता दवाखान्यात पाठवते. घरोघरी पाय चेपणाऱ्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवावं, अशी कळकळीची विनंती आहे.

चिठ्ठी लिहून मावशींना फिजिशियनकडे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्तात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ११ निघाला. अस्वस्थ पायांच्या रुग्णात तो ७५ च्या आत असला तरी लोह देण्याचा विचार करतात. थायरॉइड, साखर, मूत्रपिंड ठीक. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, साधी, पण रक्तस्राव तिचाच. त्याचे उपचार स्त्रीरोगतज्ज्ञांनी सुरू केले. सर्दीची गोळी बंद झाली. लोहाची गोळी दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली. चहा गोळीच्या आधी-नंतर दोन तास नाही आणि जेवणाबरोबर तर नाहीच, कारण चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. आपल्याकडे भाकरीचा घास संपतो न संपतो तोच कप समोर येतो. गोळीपेक्षा हे पथ्य मावशींना जड गेलं.

घरचा हात

लोहाचा साठा भरायला महिने लागतात. तोवर रात्री कशा काढायच्या, हा प्रश्न होता, आणि मालिशची खरी कामगिरी मला इथे दिसली. माझ्याकडे येऊन भर दुपारी केलेल्या चाळीस मिनिटांचा रात्रीच्या पायांना उपयोग नव्हता. त्यांना हात हवा होता तो रात्री नऊला, घरी, आणि रोज.

पण कुणाचा? सुनेचा, असं घरात ठरल्यासारखंच होतं. मला ते पटलं नाही. ती मुलगी पहाटेपासून राबत होती आणि मध्यरात्रीपर्यंत सासूचे पाय दाबत होती. दोघींची झोप मोडून एकीची जुळवायची, याला उपचार कसा म्हणायचा? नातवालाही पायांवर उभं करणं थांबवायला सांगितलं. वीस-बावीस किलोचं पोर पोटरीवर नाचवल्याने त्रास विसरायला होतो, पण स्नायू ठेचले जातात. म्हणून मी मावशींच्या नवऱ्याला, काकांना, बोलावून घेतलं.

काका ओशाळले. “बायकोचे पाय दाबू? लोकं काय म्हनतीन?” एवढंच म्हणून खाली बघत बसले. मग मी त्यांना विचारलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप कोण लावतं? म्हणाले, मीच, दुसऱ्याला हात लावू देत नाही. कसं लावता ते दाखवा म्हटलं. त्यांनी टेबलाच्या उशीवर हात फिरवून दाखवला. अख्खा तळवा टेकलेला, हळू, जड, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लावायचा तसा. मी म्हणाले, यात मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. फक्त घोट्यापासून सुरू करायचं, गुडघ्याकडे जायचं, आणि तेवढ्या अंतराला दहा-बारा सेकंद घ्यायचे.

क्रम असा ठरला. रात्री पावणेनऊला भांडी आटोपली की दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात. पौषातल्या थंडीत सातपुड्याकडून वारा सुटला की ते मावशींना फार आवडायचं. मग पाय पुसून पंधरा मिनिटं तेलाचा हात, पोटऱ्या आणि नडग्या आधी, तळवे शेवटी. पोटऱ्यांचा ताण देऊन दोन व्यायाम. मालिश झाली की दिवा मंद, आणि अंथरुणावर जायचं ते डोळे जड झाल्यावरच. साडेनऊ वाजले म्हणून पडायचं नाही. पाय वळवळायला लागले तर अंथरुणात तळमळत राहायचं नाही, उठून ओट्यावर बसायचं, स्वतः पोटऱ्या चोळायच्या, पुन्हा पेंग आली की यायचं. उठायची वेळ मात्र रोज तीच. शेवटच्या या गोष्टी मालिशच्या नाहीत, निद्रानाशाच्या वर्तनोपचारातल्या आहेत. जुनाट निद्रानाशात औषधांआधी हाच उपचार करून पाहावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ पासून सांगितलं आहे.

तेल कुठलं, यावर घरात चर्चा झाली. कोणीतरी सहाशे रुपयांची झोपेच्या तेलाची बाटली सुचवली होती. मी घरातलं तीळतेल वापरायला सांगितलं. हात घसरायला तेल लागतं, झोप त्या हातात असते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगाच्या गुणांमध्ये झोप येते, आणि डोकं, कान आणि पाय यांना तेल विशेष लावावं असंही तिथे आहे. अजीर्ण असताना अभ्यंग टाळावा हेही तिथेच आहे, ते मात्र कोणी सांगत नाही. मावशींना मी जेवणानंतर निदान दीड तास थांबायला सांगितलं होतं.

काशाची वाटी मावशींच्या माहेरची होती. तळव्यांवर वाटी फिरवली की काळं निघतं, ती अंगातली उष्णता, असा सगळ्यांचा समज. ते काळं म्हणजे घासलेल्या काशाचा तेलाशी झालेला संयोग. उष्णता काळी नसते. काकांना हे पटलं आणि तरी वाटी त्यांनी सोडली नाही, कारण मावशींना ती आवडते. मीही सोडायला सांगितली नाही. टाचांच्या भेगा खोल होत्या तेवढ्या दिवसांत मात्र वाटी बाजूला ठेवायला लावली.

लाईटचा एक घोळ राहिला होता. आठवड्याआड शेतीची लाईट रात्रीची असते आणि काका मोटर बघायला दीड-दोनला उठतात. त्यांचा मोबाईल वाजला की मावशींचीही झोप जायची. रात्रपाळीच्या आठवड्यात काकांनी बाज ओसरीत टाकायची, असं ठरलं. पुढे मुलाने मोटरला ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच, बसवला आणि निम्म्या खेपा वाचल्या.

कॅलेंडरवर काय दिसलं

पहिले दोन आठवडे फारसं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून झोप लागण्याची वेळ साडेबारावरून अकराच्या आसपास आली. हा फरक लोहाचा असण्याइतके दिवस झाले नव्हते. सर्दीची गोळी थांबली होती आणि रात्रीचा हात सुरू झाला होता, यांतलं कशाचं किती, ते एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. संक्रांतीनंतर काका आठ दिवस लग्नकार्यात बाहेरगावी होते. त्या आठवड्यात झोपेची वेळ तासभर पुढे गेली, आणि ते परतल्यावर मागे आली. मालिशचा वाटा मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो या आठ चौकटींत. मार्चच्या मध्यावर मात्र तसाच एक खंड पडला, काकांचा हात दुखावला म्हणून, आणि झोपेत काहीच फरक पडला नाही. तोवर लोहाच्या गोळ्या सुरू करून तीन महिने झाले होते. फेरिटिन ११ वरून ४१ झालं होतं. हाताचं काम आता साठ्याने उचललं होतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात मावशी येऊन गेल्या. प्रश्नावलीचे गुण ८. पाय आठवड्यातून एखाद-दोन रात्रीच त्रास देतात. ऊन पंचेचाळिशीकडे गेलं होतं. कोमट पाण्याचं कधीच बंद केलं होतं, आता झोपायच्या आधी पायांवर साधं पाणी घेतात. धाब्याचं जुनं घर अजून शाबूत आहे, त्याच्या माळवदावर सगळे झोपतात. लेकी माहेरी आल्या होत्या, अंगणातल्या निंबाला झोका टांगला होता आणि बाया रात्री उशिरापर्यंत गाणी म्हणत बसल्या होत्या. “मी त्यायच्यात बसली होती,” मावशी म्हणाल्या, “पाय एक वेळ हालले नाही.”

गाठीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांकडची पुढची तारीख जूनमध्ये आहे. फेरिटिन पुन्हा आषाढात तपासायचं. गोळी दिवसाआड चालू, जेवणामागचा चहा बंद. काकांना मात्र आता सांगावं लागत नाही. पावणेनऊ वाजले की तेच काशाची वाटी घेऊन माळवदावर येतात.